वाईट माणूस कुठून येतो

गाव दिसले तेव्हा ओबेद रस्कने डोळे मिटून घेतले. सकाळपासून त्याला दोन तळी आणि झाडांची एक रांग दिसून गेली होती, आणि जवळ गेल्यावर तिन्हींची वाळू झाली होती. आता पुन्हा फसायचे नाही, असे त्याने मनाशी ठरवले होते. पण डोळे उघडले तरी गाव जागच्या जागी होते. एकच रस्ता, दोन्ही अंगांना लाकडी घरे, एक गुत्ता, एक बँक, आणि टोकाला चर्चचा पांढरा मनोरा.

ॲरिझोनाच्या त्या वाळवंटात गाव म्हणजे पाणी, आणि गाव म्हणजे शेरीफसुद्धा. ओबेदच्या अंगात कैद्याचा राखी सदरा होता. काल दुपारी कैद्यांची टोळी रस्त्याच्या कामावर असताना वाळूचे वादळ उठले. पहारेकरी तोंडाला फडकी बांधून गाड्यांच्या आडोशाला पळाले, आणि ज्याने इतक्या वर्षांत पळण्याची भाषाही कधी केली नव्हती तो ओबेद हातातला घण खाली ठेवून चालू लागला. अगदी कोवळ्या वयात त्याने टपालाची गाडी लुटताना एकावर गोळी झाडली होती. तो माणूस वाचला नाही. ओबेद आत गेला तेव्हा त्याला नीट दाढीही फुटली नव्हती. आता होती ती सगळी पांढरी होती. दक्षिणेला निळसर डोंगरांची ओळ दिसत होती आणि तिच्यापलीकडे मेक्सिको होते. तिथे कुणी त्याला ओळखणार नव्हते. फक्त तिथवर पोचायला पाणी हवे होते, आणि त्याची जीभ तर चामड्याच्या तुकड्यासारखी टाळूला चिकटली होती.

शेरीफचे काय व्हायचे ते होवो, म्हणून तो गुत्त्याच्या बाजूने रस्त्यात शिरला.

कुत्रे भुंकले नाही. गावे कशी असतात हे तो बरेचसे विसरला होता, पण अनोळखी माणसाला आधी कुत्रे बघते आणि मग माणसे, एवढे त्याच्या लक्षात होते. घोडे बांधायच्या आडव्या दांडीखाली लीद नव्हती. एकाही धुराड्यातून धूर नव्हता. रस्त्याच्या मध्यावर दगडी कठड्याची विहीर होती, तिच्यावर दोर आणि बादली. ओबेद धावलाच. कठड्यावर हात टेकला तर दगड आत दबला. रंगवलेले गोणपाट होते ते. वाकून पाहिले, तर हातभर खाली वाळू होती. बादलीला दोर मात्र नीट गाठ मारून बांधलेला होता.

तो बँकेच्या दाराशी गेला. दार ढकलले. दाराच्या पलीकडे वाळवंट होते, तेच ऊन आणि तीच वाळू. घराला पाठ नव्हती, खोल्या नव्हत्या, छप्पर नव्हते. नुसती पुढची भिंत होती आणि ती पडू नये म्हणून मागून तिला तिरके वासे टेकवलेले होते. ओबेदने दार पुन्हा लावून घेतले. अगदी हळू लावले, आत कुणी झोपले असावे तसे. असे का केले हे त्याचे त्यालाच कळले नाही.

चर्चशेजारी थडग्यांच्या फळ्या उभ्या होत्या. तुरुंगात तो वाचायला शिकला होता. पहिल्या फळीवर लिहिले होते, टॉम ड्रिस्कॉल येथे विसावला आहे. दुसरीवरही टॉम ड्रिस्कॉलच होता. तिसरीवर, चौथीवर, कुंपणाशी कलंडलेल्या शेवटच्या फळीवरही तोच. एक माणूस या गावात कितीदा मेला असेल, असा विचार त्याच्या मनात आला आणि उन्हात त्याच्या अंगावर काटा उभा राहिला.

मग त्याला ती मुलगी दिसली.

रस्त्याच्या कडेला एका मोठ्या प्रवासी पेटीवर ती बसली होती. पांढरा झगा, बटणांचे बूट, हात गुडघ्यांवर. चेहरा जिवंत माणसाचा नव्हता. चुन्याची भिंत जुनी झाली की पिवळट होते आणि तिला भेगा जातात, तसा तो होता. ओठ काळे, डोळ्यांभोवती काळे. घटसर्पाने गेलेली आपली धाकटी बहीण त्याला आठवली. तिलाही असाच पांढरा झगा घातला होता.

म्हणजे आपण सकाळीच कुठेतरी मागे वाळूत पडलो आणि संपलो, हे ओबेदला कळून चुकले. त्याला वाईट वाटले नाही. मेल्यावरही तहान राहते हे मात्र कुणी कधी सांगितले नव्हते.

मुलीने मान वळवली नाही. काळे ओठ जेमतेम हलले. "तुम्ही उशीर केलात," ती म्हणाली.

ओबेदने कसाबसा आवाज काढला. "पोरी, मी मेलोय का?"

"अजून नाही. ते शेवटी."

ती हे अगदी सहज म्हणाली. तो तसाच वाळूत बसला. मुलीने पाय किंचित बाजूला घेतले आणि टाचेने दाखवले. पेटीच्या सावलीत, ओल्या कापडात गुंडाळलेली एक बाटली होती. वाईट माणूस आधी पाणी पितो, असे ती म्हणाली. ओबेदने बाटली तोंडाला लावली आणि ती खाली घेतली तेव्हा तळाशी बोटभर पाणी उरले होते. मुलीने ती त्याच्या हातातून घेतली. तिने बाटलीचे तोंड झग्याच्या टोकाने पुसले, आणि उरलेले पाणी हळूहळू, ओठांचा रंग जाऊ नये अशा बेताने प्यायली.

मेलेल्या माणसाच्या घशाखाली पाणी असे थंड उतरत नाही. ओबेदला थोडी हुशारी आली.

तिचे नाव डेल्फी. सांगायचे ते तिने सगळे सांगितले, पण त्यातले निम्मे त्याच्या डोक्यावरून गेले. क्रेनसाहेब म्हणून कुणी होते, आणि त्यांनी 'पुरे' म्हणेपर्यंत कुणी जागचे हलायचे नाही असा नियम होता. काल सगळे इथेच होते. क्रेनसाहेबांनी तिला पेटीवर बसवले आणि सांगितले की वाईट माणूस येईपर्यंत बसून राहा. मग वादळ आले. ओरडाआरडा झाला, घोडे उधळले, दोन मोटारी भरभरून निघून गेल्या. एकीत तिची हेस्टर मावशी होती. तिला वाटले असणार डेल्फी दुसरीत आहे. दुसरीतल्यांना वाटले असणार ती मावशीजवळ आहे. यात डेल्फीला नवल वाटत नव्हते. मोठी माणसे असेच करतात. 'पुरे' मात्र कुणी म्हटले नव्हते. रात्री वारा फार झोंबू लागला तेव्हा ती पेटीत शिरून झोपली. झाकण पूर्ण लागू नये म्हणून तिने फटीत एक बूट अडकवला होता. पेटीत झोपणे म्हणजे जागा सोडणे नव्हे, हे तिने दोनदा सांगितले.

"आणि वाईट माणूस कोण?" ओबेदने विचारले.

"तुम्ही."

"तुला कुणी सांगितलं?"

"अहो, असंच आहे ते. वाईट माणूस येतो, पाणी पितो, मला उचलून गावात घेऊन जातो. तिथे शेरीफ असतो. मग तुम्हाला गोळी लागते."

ओबेदने विचारले, "त्या माणसाला ठाऊक असतं का, तिथे शेरीफ आहे ते?"

"हो तर."

"मग तो कशाला मरायला जातो तिथं?"

डेल्फीने पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे पाहिले. एवढ्या मोठ्या माणसाला एवढे कळू नये, असा तिचा चेहरा झाला. "मी असते ना बरोबर," ती म्हणाली.

तो उठला आणि चर्चच्या पायऱ्या चढला. पायऱ्याच होत्या त्या, पुढे काही नव्हते. वरून सगळे दिसत होते. उत्तरेला फार लांब, काडीसारखी उभी, आगगाडीच्या पाण्याची टाकी होती. तिथे स्टेशन असणार, माणसे असणार. दक्षिणेला डोंगर. मधल्या साऱ्या मुलखावरून वादळाने हात फिरवला होता; चाकोरी म्हणून उरली नव्हती. या नव्या भुसभुशीत वाळूत मोटार आली तर आसापर्यंत रुतेल. तरी ते येतील, असे ओबेदने स्वतःला सांगितले. असे बूट ज्या मुलीच्या पायांत असतात तिला कुणी विसरत नाही. आज येतील. फार तर उद्या. आणि ही तरी खरी कशावरून? पाठ नसलेल्या गावात बसलेली, काळ्या ओठांची मुलगी. अशांच्या मागे गेलेल्यांचे काय होते हे लहानपणी त्याने ऐकलेले होते.

तो खाली उतरला आणि दक्षिणेकडे चालू लागला. शेवटच्या घराशी पोचल्यावर मात्र त्याने मागे वळून पाहिले. ती रडत असेल, नाहीतर हाक तरी मारील, असे त्याला वाटत होते, आणि त्यासाठी त्याने मन घट्टही करून ठेवले होते.

ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तिने झगा सारखा केला, हात पुन्हा गुडघ्यांवर ठेवले आणि तोंड रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे केले. हा तो नव्हता, असा तिने निकाल लावला होता. खरा यायचा होता अजून.

पेटीची सावली आक्रसून पेटीखाली गेली होती. रिकामी बाटली उन्हात चमकत होती. ती आपण रिकामी केली, हे ओबेदला आत्ता नीट दिसले. ती हाक मारती तर तो मन घट्ट करून पुढे निघून गेला असता. तिने मारली नाही, तिथे त्याचे पाऊल अडले.

रस्त्याने परत जायची त्याला लाज वाटली. तो घरांच्या मागून गेला. तिथे वासे होते, गोणपाट होते, एका खिडकीला आतून टाचलेला पडदा वाऱ्याने हलत होता, आणि घरे त्याच्याकडे पाठ करून उभी होती, पाठ नसतानाही. चर्चला वळसा घालून तो वरच्या टोकाने रस्त्यात आला आणि तिच्यासमोर उभा राहिला.

"आता बरोबर," डेल्फी म्हणाली. "मघाशी तुम्ही चुकीच्या बाजूने आलात."

कोट घातल्याशिवाय मात्र ती उचलू देईना. वाईट माणसाला कोट असतो, आणि तो गुत्त्याच्या दाराशी खुंटीला आहे, असे तिने सांगितले. खरेच होता. काळा लांब कोट आणि रुंद काठाची टोपी. कोट त्याला असा बसला की जणू कुणी माप घेऊन शिवला होता. हेही त्याला फारसे आवडले नाही. पण राखी सदरा झाकला गेला, आणि तुरुंगात वस्तऱ्याने भादरलेले डोकेही.

तिला उचलून तो उत्तरेला, त्या टाकीच्या दिशेने चालू लागला. सुरुवातीला ती पुष्कळ बोलली. मावशीचे डोके दुखते तेव्हा काय काय होते, क्रेनसाहेब कसे ओरडतात आणि मग पेपरमिंट देतात. ओबेदने टॉम ड्रिस्कॉलबद्दल विचारले. तो कोण होता, आणि इतक्यांदा कसा मेला?

"कुणीच नाही तो. रंगाऱ्याला तेवढं एकच नाव येतं," डेल्फी म्हणाली. "बाकीचं लिहायला त्याला कंटाळा येतो."

ओबेदला हसू आले. घशातून जो आवाज निघाला तो त्याला स्वतःला अनोळखी वाटला. ती मात्र खूश झाली.

मग ती गप्प झाली. तिचे अंग भट्टीच्या दारासारखे तापले होते. घामाने चेहऱ्यावरचा रंग वितळून त्याच्या मानेला लागत होता, आणि खालून एक साधा चेहरा वर येत होता. नाकावर वांगाचे ठिपके होते, आणि उन्हाने त्याचे शेंड्यावरचे साल निघाले होते. ते सोललेले नाक पाहिले आणि ओबेदला त्या दिवसात पहिल्यांदा खरी भीती वाटली. ती भूत होती तोवर तिची काळजी नव्हती. आता ती मरू शकत होती.

त्याने चाल वाढवली. तिला झोप लागू नये म्हणून तो बोलू लागला. गोष्टी त्याला येत नव्हत्या. जे येत होते ते त्याने सांगितले: दगड कसा फोडायचा. आधी दगड सगळीकडून बघायचा, त्याच्या अंगात एक रेघ असते, ती सापडली की हलका घाव पुरतो, आणि नाही सापडली तर दिवसभर घण घातलास तरी नुसत्या ठिणग्या. दर वाक्याला ती क्षीण आवाजात 'मग?' म्हणत होती. टाकी अजून काडीएवढीच होती. मग 'मग' म्हणणेही थांबले. तरी ओबेद बोलत राहिला, कारण तो थांबला असता तर मागे उरणारी शांतता त्याला ऐकायची नव्हती.

वाळूची एक उंच धार चढून तो वर आला, तेव्हा खाली माणसे होती.

चारपाच खेचरे, तेवढीच माणसे, एक बाई. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, तीन पायांवर उभी असलेली ती वस्तू. मागे एक माणूस वाकलेला, त्याचा हात हँडलवर. तुरुंगात जाण्याआधी एका खाणीच्या संपात ओबेदने ती पाहिली होती. हँडल फिरवायची बंदूक. तेव्हाही असाच एक माणूस वाकून उभा होता. त्याने हात फिरवायला सुरुवात केली आणि समोरची रांगच्या रांग, कापणीत गवत आडवे व्हावे तशी आडवी झाली होती.

खालच्या माणसाने वस्तूला डोळा लावला आणि तिचे तोंड ओबेदकडे वळवले. त्याचा हात फिरू लागला.

एका म्हाताऱ्यासाठी यांनी ही आणली, असे ओबेदच्या मनात आले. मुलीला खाली ठेवून धारेमागे लोळण घ्यायला वेळ होता. पुढे कितीदा तरी त्याने आठवून पाहिले, पण काही ठरवल्याचे त्याला आठवले नाही. तो वाळूत गुडघ्यांवर बसला, त्याने बंदुकीकडे पाठ केली, मुलीला छातीशी घेतले आणि कोटाच्या दोन्ही बाजू तिच्यावर ओढून घेतल्या.

"डोळे मीट," तो म्हणाला. तिने ते आधीच मिटले होते. तिच्या पापण्या त्याच्या मानेला लागत होत्या.

वाऱ्यावर आवाज आला. टकटक, टकटक, सुकलेल्या शेंगा वाजाव्यात तसा. धडाका झाला नाही. ओबेदची सारी पाठ वाट बघत होती. आवाज चालूच राहिला, आणि कुठे काही दुखले नाही. म्हणजे मरण हे असे असते, त्याला वाटले. आवाज नाही, वेदना नाही. माणूस मरतो आणि गुडघ्यांवर तसाच बसून राहतो.

मग कुणीतरी म्हणाले, "थांबू नकोस प्रुइट, फिरवत राहा."

आणि त्यापाठोपाठ एका बाईचा आवाज आला, रडका आणि संतापलेला, धडपडत चढण चढत येणारा. "मेल्या, पोरगी मरायला टेकलीय आणि तुला हँडल सुचतंय?"

ती हेस्टर मावशी होती. तिने ओबेदच्या हातांतून मुलगी ओढून घेतली, तिच्या तोंडावर ओले फडके धरले, चमचा चमचा पाणी घातले आणि मधल्या वेळात क्रेनसाहेबांच्या सात पिढ्या उद्धरल्या. शोधायला निघालेला माणूस ते यंत्र खेचरावर लादून आणतो, यावरून ती सकाळपासून त्यांना बोलत होती. क्रेन हा बारीक, टकला माणूस होता. मुलगी सापडली की राहिलेला प्रसंग तिथेच उरकता येईल, असा त्याचा हिशेब होता आणि त्यात त्याला काही गैर वाटत नव्हते. पोरगी जिवंत आहे, तो म्हणाला, आणि असा उजेड रोज पडत नाही.

डेल्फीने बऱ्याच वेळाने डोळे उघडले. पहिले विचारले ते हे, की चांगले झाले का. फार चांगले झाले, असे क्रेनने तिला सांगितले. हा माणूस कुठून पकडलास ते कळत नाही, पण असे मला कुणी करून दाखवले नव्हते.

ओबेदला कुणीतरी कथलाचा पेला भरून दिला. तो मुलीपासून थोडा दूर, त्या तीन पायांच्या वस्तूवरची नजर न काढता पीत बसला. डेल्फीच्या ते ध्यानात आले.

"ती बंदूक नाहीये," ती हळूच म्हणाली. "त्याच्यात आपण जातो. मग लांबलांबच्या गावांत, अंधारात, भिंतीवर निघतो."

"कोण निघतं?"

"तुम्ही आणि मी. तुम्ही मला उचलून चालत येता. रोज येता. मेल्यावरसुद्धा."

ओबेदने पेला खाली ठेवला. हे बंदुकीपेक्षा बरे की वाईट, हे त्याला ठरवता येईना.

तेवढ्यात त्याच्या अंगावर एक सावली आली. शोधपथकात शेरीफचा एक मदतनीस होता, बास्कम नावाचा, जाड मिशांचा, छातीवर हुद्द्याची चांदणी. आतापर्यंत तो खेचरांपाशी उभा राहून कोटाखालून दिसणारे ओबेदचे कैद्याचे बूट बघत होता. त्याने विचारले, कुठून येणे झाले.

"त्या गावातून," ओबेद म्हणाला.

"तिथे कुणी राहत नाही."

"ते कळलं मला."

बास्कम हसला, पण डोळ्यांनी हसला नाही. काल वादळात रस्त्याच्या कामावरचा एक कैदी निसटला आहे, असे त्याने गप्पा माराव्यात तसे सांगितले. वयस्क आहे म्हणतात. असल्या उन्हात तो कुठवर जाणार. मग तो म्हणाला, "टोपी काढा बघू जरा, आजोबा."

ओबेदचा हात वर गेला. पळण्यात अर्थ नव्हता आणि त्याच्यात पळण्याचे बळही नव्हते. मुलगी पोचली होती. टोपीच्या काठाला त्याची बोटे लागली.

"क्रेनसाहेब," डेल्फी मोठ्याने म्हणाली, "मी कॅमेऱ्यात बघितलं."

सगळे थांबले. प्रुइटने हातातले फडके खाली केले. मावशीने मुलीकडे चमकून पाहिले. त्या धंद्यात मुलाने काहीही करावे, पडावे, रडावे, पण त्या काचेच्या डोळ्याकडे बघू नये. एकदा बघितले की सगळे खोटे पडते आणि पुन्हा करावे लागते. डेल्फीने आजवर कधी बघितले नव्हते. तिची सगळी किंमत त्यात होती. इतर मुलांच्या आया तिचे उदाहरण देत.

तिने आत्ताही बघितले नव्हते. ओबेदला ते ठाऊक होते. तिच्या मिटलेल्या पापण्यांचा स्पर्श अजून त्याच्या मानेवर होता.

क्रेनने डोक्यावरची टोपी काढून वाळूत आपटली. डेल्फीचा खालचा ओठ थरथरला. पण ती मागे हटली नाही.

मग सगळी घाई झाली. ऊन पिवळे पडायला लागले होते. पुन्हा, क्रेन ओरडला, सगळे पुन्हा, त्या माणसाला धारेपलीकडे पाठवा. बास्कमने सांगितले, आधी टोपी. क्रेनने त्याच्याकडे असे पाहिले की जणू खेचरच बोलले.

"ती टोपी आणि तिची ती सावली, तेवढंच तर माझ्याजवळ आहे," तो म्हणाला. "तुमचं काय ते नंतर. तुम्ही इकडे या. इथे उभे राहा, तुमची चांदणी उजेडात येऊ द्या."

बास्कमने खाली आपल्या छातीकडे पाहिले. बाही ओढून त्याने चांदणी पुसली. मग खिशातून छोटा कंगवा काढून तो मिशा विंचरू लागला.

मुलीला पुन्हा उन्हात न्यायला मावशी तयार होईना, तेव्हा शाल गुंडाळून मुलीएवढे गाठोडे करायचे ठरले. लांबून कुणाला कळते, प्रुइट म्हणाला.

"रिकामं गाठोडं खोटं दिसतं," डेल्फी म्हणाली. "हात वाकायला पाहिजेत. त्यात जड काहीतरी घाल, मावशी. त्या छोट्या पखाली घाल. आणि पावाचा डबा."

मावशीने पाण्याच्या दोन भरलेल्या पखाली घेतल्या. पावाचा डबा घेतला. शाल बांधताना तिने एकदाच वर पाहिले, ओबेदकडे, त्याच्या बुटांकडे, आणि गाठ सोडून पुन्हा घट्ट मारली.

ओबेद गाठोडे घ्यायला वाकला. त्याला काहीतरी म्हणायचे होते, पण तिथे सगळे होते. डेल्फीने हात वर करून त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली. मोठ्या माणसांचे कपडे नीट करायची तिला सवय असावी.

"लांबून यायचं," ती म्हणाली. "घाई नाही करायची."

तो चढण चढू लागला. मागे ते यंत्र होते, आणि चांदणी होती, आणि त्याच्या मानेवर त्या दोन्हींची नजर होती. कुणी हाक मारली नाही. धारेवरून तो पलीकडे उतरला आणि खालची माणसे दिसेनाशी झाली. समोर सगळा पिवळा मुलूख पसरला होता. दूर ते गाव, एका रस्त्याचे, उन्हात दारे लावून उभे होते. त्याच्यापलीकडे डोंगर. छातीशी धरलेल्या गाठोड्यात पाणी हलले आणि त्याचा आवाज, झोपेत मूल काही पुटपुटते तसा, त्याच्या अंगातून गेला.

कर्ण्यातून क्रेनचा आवाज आला. "या."

ओबेद उभा राहिला. परत वर जायला थोडीच पावले होती.

"या आता. उजेड जातोय."

ती टकटक सुरू झाली होती. कुणीही नसलेल्या धारेकडे बघत ते यंत्र चालत होते. आणि मग तिच्यावरून दुसरा आवाज आला. कुणीतरी कर्णा डेल्फीच्या हातात दिला असावा, नाहीतर तिने घेतला असावा. बारीक, चिरका, वाऱ्याने मधेच तुटणारा.

"अजून लांबून."

ओबेदने एक पाऊल पुढे टाकले. गाठोडे त्याने खांद्याशी नीट घेतले.

"अजून लांबून या. अजून."

तो चालू लागला. वाळू मऊ होती आणि पावलांचा आवाज होत नव्हता. गाव डाव्या हाताला मागे पडले. त्याच्या साऱ्या सावल्या दाराबाहेर येऊन रस्त्यावर लांब झोपल्या होत्या. एवढ्या अंतरावर कुणाचा आवाज पोचणे शक्य नव्हते, हे त्याला कळत होते. तरी तो येतच होता, मागून, तेवढ्याच अंतरावरून, आणि दर वेळी ओबेद पाऊल उचलत होता.

"अजून लांबून."